आनंद, हर्ष, उल्हास, कौतुक: नेमका शब्द कसा निवडायचा

सत्काराचं भाषण, अभिनंदनाचं पत्र, मानपत्र, संस्थेचा अहवाल. यांपैकी काहीही लिहायला बसलं की 'आनंद' आणि 'कौतुक' हे दोन शब्द आधी धावून येतात. तिसऱ्या वाक्यात 'आनंद' पुन्हा येतो, पाचव्यात आणखी एकदा. मग समानार्थी शब्दांची यादी उघडली जाते आणि हर्ष, मोद, प्रमोद, उल्हास, आल्हाद यांतलं हाती लागेल ते रिकाम्या जागी बसवलं जातं. मजकूर शालेय निबंधासारखा वाटू लागतो तो इथून. यादी खोटी नसते, पण अर्धीच गोष्ट सांगते. तो शब्द कोणतं क्रियापद मागतो, कोणी कोणाविषयी वापरायचा, त्यातली भावना क्षणाची की मुक्कामाची, हे तिच्यात नसतं. पुढचा सगळा खटाटोप त्या उरलेल्या अर्ध्या गोष्टीसाठी आहे.

आधी दोन्ही घराणी एकत्र पाहा

आनंदाचे आणि स्तुतीचे शब्द वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची सवय असते. भाषेत मात्र त्यांची सोयरीक जुनी आहे. 'आनंद' आणि 'अभिनंदन' एकाच 'नन्द्' धातूचे. अभिनंदन म्हणजे मुळात दुसऱ्याकडे वळून व्यक्त केलेला आनंद. 'सुखाने नांदा' म्हणताना वापरतो ते 'नांदणं'ही त्याच धातूकडून आलेलं. 'मुद्' धातूपासून मोद, प्रमोद, आमोद आणि मुदित झाले, आणि सभेच्या इतिवृत्तातलं 'अनुमोदन'ही. 'स्तु' म्हणजे स्तुती करणं. त्यातून स्तवन आणि स्तोत्र आलं तसा 'प्रस्ताव'ही आला. म्हणजे वार्षिक सभेत कोणी प्रस्ताव मांडतो आणि कोणी अनुमोदन देतो तेव्हा व्युत्पत्तीनुसार एकजण स्तुती करत असतो आणि दुसरा आनंद. सभेतल्या चेहऱ्यांवरून तसं कधी वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

फारसीतून आलेल्या शब्दांतही हेच दिसतं. 'शाबास' मुळात 'शाद बाश', म्हणजे 'आनंदी राहा'. 'खुशी' आणि 'खुशामत' यांतला 'खुश' एकच. 'दाद' म्हणजे न्याय. म्हणून कोर्टात दाद मागतात आणि मैफलीत दाद देतात: गाणाऱ्याच्या जागेला न्याय देणं ती दाद. 'दाद' आणि 'कौतुक' एकमेकांच्या जागी का बसत नाहीत ते यावरून उलगडतं. कौतुक मायेपोटी करता येतं. दाद द्यायला मात्र समोरच्या कामातलं काहीतरी नेमकं कळलेलं असावं लागतं. 'त्याच्या धडपडीचं कौतुक' आणि 'त्याच्या तानेला दाद' ही वाक्यं उलटवून बघा, दोन्ही लंगडी होतात.

पहिली पायरी: 'आनंद' बदलायची गरज आहे का ते ठरवा

बहुतेक वेळा नसते. 'आनंद' हा या घराण्यातला सर्वांत मोकळा शब्द. कोणतंही विशेषण तो मुकाट्याने स्वीकारतो: निखळ आनंद, निर्भेळ आनंद, क्षणिक आनंद, अगदी आसुरी आनंदसुद्धा. दुसऱ्याच्या फजितीवर खुश होणाऱ्याला 'आसुरी हर्ष झाला' असं आपण म्हणत नाही, 'आसुरी उल्हास' तर नाहीच. क्रियापदांच्या बाबतीतही तसंच. आनंद होतो, वाटतो, मिळतो, देता येतो, घेता येतो, लुटता येतो, आणि नाइलाज असेल तर मानूनही घेता येतो. 'मिळालं त्यात आनंद मानला' या वाक्यात दुसरा कुठलाही प्रतिशब्द टिकणार नाही ('समाधान' तेवढं चालेल).

तेव्हा शब्द पुन्हा आला एवढ्याच कारणाने तो बदलू नका. आधी वाक्यच हवं आहे का ते पाहा. 'कार्यक्रम रंगला, टाळ्या थांबेनात, सगळ्यांना खूप आनंद झाला' यातलं शेवटचं वाक्य काढलं तर काय बिघडतं? टाळ्यांनी ते आधीच सांगितलं आहे.

दुसरी पायरी: उंची, आणि मुक्काम

बदलायचंच ठरलं तर भावना किती उंच गेली आहे ते मोजा. मोजण्याचा हा छंद जुना आहे. तैत्तिरीय उपनिषदात मानवी आनंद हे एकक धरून पुढचा प्रत्येक आनंद मागच्याच्या शंभरपट, असं करत थेट ब्रह्मानंदापर्यंत शिडी लावली आहे. आपल्याला एवढं चढायचं नाही.

रोजच्या मराठीत ही चढण साधारण अशी लागते. सर्वांत खाली 'बरं वाटलं'. त्यावर 'समाधान', पण समाधानाची जात निराळी: ते काम संपल्यावर येतं आणि शांत असतं. मग 'आनंद'. त्याच्यावर 'हर्ष' आणि 'उल्हास'. त्याहून वर 'अत्यानंद'. आणि जिथे माणसाला स्वतःचं भान राहत नाही तिथे 'बेभान होणं', किंवा थोडं थट्टेने 'हर्षवायू होणं'. 'ब्रह्मानंद' अध्यात्मात खरा; इतरत्र 'ब्रह्मानंदी टाळी लागणे' या वाक्प्रचारापुरता ठेवावा, आणि तोही तल्लीन होण्यासाठी, नुसतं खुश होण्यासाठी नाही.

हर्ष आणि उल्हास शेजारी असले तरी जुळे नाहीत, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. 'हृष्' धातूत अंगावर केस उभे राहण्याचा अर्थ आहे. 'रोमहर्षक' शब्दात तो अजून जिवंत आहे. म्हणूनच रोमहर्षक प्रसंग सुखाचाच असतो असं नाही, भयाचाही असू शकतो. नाट्यशास्त्रात हर्षाची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली आहे, म्हणजे येऊन जाणाऱ्या भावांत, स्थायी भावांत नव्हे. हर्ष असाच वापरावा: बातमी कळली, निकाल लागला, हरवलेला माणूस दारात दिसला. त्याला निमित्त लागतं आणि तो शरीरावर उमटतो. 'गेली वीस वर्षं ते हर्षात जगत आहेत' हे वाक्य ऐकायलाच विचित्र लागतं. तिथे 'आनंदात' हवं.

उल्हासाला असं निमित्त लागत नाही. पहाटे उठल्यावर कारण नसतानाही मन उल्हसित असू शकतं. संस्कृत 'उल्लास' ज्या 'लस्' धातूवरून आला त्यात चमकण्याचा, झळकण्याचा भाव आहे, आणि मराठी 'उल्हास'मध्ये तो ताजेपणा म्हणून उतरला आहे. वातावरण उल्हासाचं असतं, माणसं उल्हसित होतात, दिवस उल्हासात जातो. परीक्षेचा निकाल लागल्यावर 'मला उल्हास झाला' असं मात्र म्हणवत नाही.

'आल्हाद' त्याहून मृदू. त्यात गारवा आहे: आल्हाददायक वारा, आल्हाददायक सकाळ. विजयाच्या मिरवणुकीचं वर्णन 'आल्हाददायक' केलं तर मिरवणुकीत कोणी नाचतच नव्हतं असं वाटेल. तिथे 'जल्लोष' हवा, पण एक अट आहे: जल्लोष एकट्याने होत नाही. 'तो खोलीत एकटाच बसून जल्लोष करत होता' हे विनोदाखेरीज कुठे चालेल? 'मोद', 'प्रमोद' आणि 'आमोद' चालू गद्यात जवळजवळ संपले आहेत. नावांत आणि 'आमोदप्रमोद' अशा जोडीत ते उरले आहेत. लेखात वापरले तर वाचक अडखळणार, हे धरूनच वापरावेत.

'धन्यता' आणि 'कृतार्थता' हे शब्द कोणत्याही यादीत आनंदाखाली सापडतील, पण त्यांच्यात आनंदाबरोबर आणखी काही मिसळलेलं आहे. धन्यतेत नम्रता असते: आपल्या पात्रतेपेक्षा जास्त मिळालं ही जाणीव. कृतार्थता म्हणजे करायचं होतं ते झालं ही जाणीव. मानपत्र स्वीकारणाऱ्याने 'धन्य झालो' म्हणावं, निवृत्त होणाऱ्याने 'कृतार्थ वाटतं' म्हणावं. उलट केलं तर मानपत्र घेणारा 'हे मला मिळायलाच हवं होतं' असं सुचवून बसतो.

तिसरी पायरी: क्रियापद लावून पाहा

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. शब्द निवडला की लगेच तो क्रियापदासकट मोठ्याने म्हणा. हर्ष होतो, तो घेता किंवा लुटता येत नाही. मजा येते, मजा करतात, मजा वाटते, आणि तिन्हींचे अर्थ वेगळे: 'मजा वाटली'मध्ये किंचित नवल असतं. समाधान मिळतं, लाभतं, मानता येतं, आणि दुसऱ्याच्या शंकेचं समाधान करता येतं. यात आनंदाचा काही संबंध उरत नाही. जल्लोष करतात. धन्यता वाटते किंवा मानतात.

स्तुतीच्या बाजूला क्रियापद आणखी काटेकोर होतं. स्तुती करतात किंवा गातात. प्रशंसा करतात, पण गात नाहीत. गोडवे गातातच, ते करता येत नाहीत. दाद देतात आणि मिळवतात. शाबासकी देतात. गौरव करतात, आणि मग ज्याचा गौरव झाला तो गौरवाला पात्र ठरतो. वाखाणणी बहुधा 'होते'. बोलणारा स्वतःबद्दल सांगत असेल तर 'मी वाखाणणी केली' यापेक्षा 'मी वाखाणलं' हे सरळ क्रियापद बरं.

'कौतुक' या शब्दावर थोडं थांबायला हवं. संस्कृतात त्याचा अर्थ कुतूहल, नवल. मराठीत नवलाची छटा पूर्ण गेलेली नाही. 'मला तिचं कौतुक वाटतं' म्हणजे ती हे कसं जमवते याचं आश्चर्य आणि आदर. 'मी तिचं कौतुक केलं' म्हणजे बोलून दाखवलं. 'तिचं फार कौतुक झालं' म्हणजे चारचौघांनी डोक्यावर घेतलं. आणि 'तिचं फार कौतुक आहे घरात' म्हणजे लाड, कदाचित जरा जास्तच. एकच शब्द, आणि मागे येणाऱ्या क्रियापदाने चार वेगळी वाक्यं तयार झाली. 'काय ते कौतुक!' असा सूर लागला तर पाचवं, टोमण्याचं.

चौथी पायरी: कोण कोणाची करतोय

आनंदाला मान-पान नसतो, स्तुतीला असतो. शाबासकी वरून खाली जाते. शिक्षकाने विद्यार्थ्याला द्यावी. विद्यार्थ्याने शिक्षकाला 'शाबास' म्हटलं तर वर्ग हसेल. पाठ थोपटणंही तसंच. 'कौतुक करणं' बहुतांशी धाकट्याचं किंवा बरोबरीच्याचं. वडीलधाऱ्या व्यक्तीच्या सत्कारात 'त्यांचं कौतुक करायला आपण जमलो आहोत' म्हणण्यापेक्षा 'त्यांचा गौरव करायला' म्हणावं. 'वाटणं' आलं की मात्र ही अडचण सुटते: 'या वयातही ते रोज लिहितात याचं कौतुक वाटतं' हे वडीलधाऱ्यांबद्दलही शोभून दिसतं.

देवाची स्तुती किंवा स्तवन होतं, माणसाची प्रशंसा. माणसाची स्तुती करता येते, पण त्यात थोडा वास येतो: 'त्याने साहेबांची स्तुती केली' हे ऐकणारा लगेच पुढचं वाक्य काय असेल याचा अंदाज बांधतो. निधन झालेल्या व्यक्तीविषयी लिहिताना कौतुक, वाहवा, तारीफ हे शब्द बाजूला ठेवा. तिथे त्यांच्या कामाचं स्मरण किंवा गुणगौरव.

'स्तुत्य' आणि 'अभिनंदनीय' ही विशेषणं माणसाला नव्हे, कृतीला लावायची. स्तुत्य उपक्रम असतो, स्तुत्य गृहस्थ नसतात. 'श्लाघ्य' शब्द आता फार थोडे जण वापरतात. 'श्लाघा' तर 'आत्मश्लाघे'पुरतीच उरली आहे.

अभिनंदन आणि शुभेच्छा यांची सरमिसळ रोज दिसते. जे घडून गेलं त्याचं अभिनंदन, जे पुढे घडावं त्यासाठी शुभेच्छा. पदवी मिळाली, अभिनंदन. नवं काम सुरू करताय, शुभेच्छा. 'निवडीबद्दल हार्दिक शुभेच्छा' असं लिहायचंच असेल तर 'निवडीबद्दल अभिनंदन आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं पूर्ण करा.

पाचवी पायरी: उलट्या अर्थाचे सापळे

या घराण्यातले काही शब्द दिसायला गोड आणि वापरात तिखट असतात. 'सगळा आनंदीआनंद आहे' म्हणजे सगळा गोंधळ आहे. 'खुशाल जा' यात 'खुशहाल' लपला आहे, पण ऐकणाऱ्याला परवानगीपेक्षा रागच जास्त ऐकू येतो. 'हुरळून जाणं' म्हणजे आनंदाने विवेक सुटणं. 'हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी' ही म्हण आठवली की सत्काराच्या भाषणात 'आम्ही हुरळून गेलो' असं कोणी लिहिणार नाही. तिथे 'हरखून गेलो' किंवा 'भारावून गेलो' हवं. हरखण्यात लहान मुलाचा निरागसपणा आहे. भारावण्यात समोरच्याच्या मोठेपणाचं दडपणही आहे. या दोन क्रियापदांत निवड करण्याआधी एवढंच विचारायचं: आनंद मिळालेल्या गोष्टीमुळे झाला की देणाऱ्या माणसामुळे?

स्तुतीत असे सापळे अधिक. 'गोडवे गाणं', 'पोवाडे गाणं', 'उदोउदो करणं', 'आरत्या ओवाळणं' हे सगळे आज बहुधा नापसंती दाखवायला वापरले जातात. 'अध्यक्षांनी कार्यकर्त्यांचे गोडवे गायले' असं अहवालात लिहिलं तर अध्यक्ष आणि कार्यकर्ते दोघेही नाराज होतील. 'स्तुतिसुमने उधळली' हा वाक्प्रचार तटस्थ होता. वापरून वापरून त्यालाही उपहासाचा रंग चढला आहे. 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणं' तर उघडच खोटी स्तुती. 'अंगावर मूठभर मांस चढणं' मात्र स्तुती ऐकणाऱ्याची बाजू सांगतं, आणि ते प्रेमळ थट्टेत छान बसतं. स्वतःविषयी बोलताना हा वाक्प्रचार आवर्जून वापरावा. 'मला अभिमान वाटला' यापेक्षा कानाला हलका लागतो.

मुद्दाम उलटं बोलायचं असेल तर आपल्या अलंकारशास्त्रात त्याला रीतसर जागा आहे: व्याजस्तुती. वरून निंदा आणि आतून स्तुती, किंवा वरून स्तुती आणि आतून निंदा. पहिला प्रकार स्नेह्यांच्या सत्कारात रंगतो, पण ऐकणाऱ्यांना आतली गोष्ट ठाऊक हवी. छापील मानपत्रात याच्या वाटेला जाऊ नये. कागदावर सूर ऐकू येत नाही.

सहावी पायरी: बाज सांभाळा

एका वाक्यात एकच बाज. 'सहर्ष स्वागत' बरोबर, 'सहर्ष मज्जा' नाही. 'कळविण्यास आनंद होतो की' ही औपचारिक पत्राची चाकोरी आहे. तिच्यापुढे 'आपण सगळे धमाल करू' आलं की पत्र दोघांनी मिळून लिहिल्यासारखं दिसतं. 'राजीखुशीने' हा शब्द दस्तऐवजांत 'राजीखुशीने लिहून देतो' असा रुळला आहे, त्यामुळे निमंत्रणात त्याला करारनाम्याचा वास येतो.

शब्दाने स्वतःच उंची गाठली असेल तर त्याला शिडी लावू नका. 'अत्यानंद'मध्ये 'अति' आहेच, त्यामागे 'खूप' कशाला? 'परमानंद'च्या आधी 'अत्यंत' नको.

मराठीत आनंद फार वेळा पाण्याचं रूप घेतो: आनंदाला भरती येते, उधाण येतं, मन उचंबळतं, मनात आनंदाच्या उकळ्या फुटतात. 'मौज' हा शब्द तर मुळात अरबी आणि त्याचा अर्थच लाट. एक प्रतिमा घेतली की ती निभवा. 'आनंदाच्या उधाणाला पंख फुटले' हे लिहिणाऱ्याला दिसलेलं नसतं, नुसतं सुचलेलं असतं. 'उकळ्या' शब्द जपून: त्यात आतल्या आत, लपवून होणारा आनंद आहे, तो व्यासपीठावर चालत नाही.

एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू

'आमच्या ग्रंथालयाला ५० वर्षं पूर्ण झाली याचा आम्हाला खूप आनंद झाला. कार्यक्रमात सगळे खूप आनंदी होते. अध्यक्षांनी कार्यकर्त्यांची खूप स्तुती केली. त्यामुळे कार्यकर्त्यांना अत्यंत हर्ष झाला.'

पहिल्या वाक्यातला आनंद गृहीत आहे, तो काढू. दुसऱ्यात वातावरणाची गोष्ट आहे, म्हणून उल्हास. तिसऱ्यात वरिष्ठ माणूस कामाविषयी बोलतोय, म्हणून 'वाखाणणी', आणि ती माणसांची नव्हे, कामाची. चौथ्यात साधी माणसं अनपेक्षितपणे सुखावली आहेत; तिथे 'हर्ष' जड होतो.

'ग्रंथालयाला ५० वर्षं पूर्ण झाली. सभागृहात पाऊल टाकताच उल्हास जाणवत होता. अध्यक्षांनी एकेकाचं नाव घेऊन कामाची वाखाणणी केली, तेव्हा एरवी मागच्या रांगेत बसणारी ही मंडळी हरखून गेली.'

'खूप' तीन वेळा होतं, एकदाही उरलं नाही. 'आनंद' शब्दही उरला नाही, आणि त्याची उणीव भासत नाही.

शंका आली तर कोश, आणि मग शुद्धलेखन

समानार्थी शब्दांची यादी उघडण्याआधी वापराची उदाहरणं देणारा कोश उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये आला, सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये. जुने वाक्प्रचार आणि बोलीतले अर्थ त्यात अजून सापडतात. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून सात खंडांत निघाला. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही शोधण्याजोग्या स्वरूपात मोफत आहेत. एक सावधगिरी बाळगा: मोल्सवर्थमधला अर्थ दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा, तेव्हा आज तो चालतो का हे कानानेच ठरवावं लागतं.

लिहिताना अडतं ते मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घापाशी. तत्सम शब्द इकारान्त किंवा उकारान्त असेल तर मराठीत शेवटचं अक्षर दीर्घ: स्तुती, तृप्ती, कीर्ती, आनंदाश्रू, हर्षवायू. तोच शब्द समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व राहतो: स्तुतिपाठक, स्तुतिसुमने, तृप्तिदायक. समासात शेवटी आला की पुन्हा दीर्घ: व्याजस्तुती, आत्मस्तुती. संस्कृतात 'आह्लाद', मराठीत 'आल्हाद' रूढ आहे. संस्कृतात 'उल्लास', मराठीत 'उल्हास', पण जोडशब्दात 'हर्षोल्लास' जास्त आढळतो. कोणतंही रूप घ्या, एका लेखात दोन्ही नकोत. 'शाब्बास' संवादात चालतं, निवेदनात 'शाबास'. आणि 'मज्जा' बोलताना कितीही जोर देऊन म्हटली तरी गंभीर मजकुरात 'मजा'च लिहा, कारण संस्कृत 'मज्जा' म्हणजे हाडातला मगज, आणि मज्जासंस्थेवरच्या लेखात कोणालाच मजा अपेक्षित नसते.